चेंडू कुठे गेला

मंगळवार आणि शुक्रवार सोडले तर फिन्टन डेलहंटी दाढी करत नसे. बाकीच्या पाच दिवसांत त्याचं तोंड बघायला येणार कोण? बहीण डीलिया होती तोवर घरात बोलणं होतं, भांडण होतं, चहा कडू झाला म्हणून कुरकुर होती. तिला जाऊन चार वर्षं झाली. आता रेडिओ बोलायचा आणि फिन्टन ऐकायचा.

मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र दुपारपासूनच त्याची लगबग सुरू व्हायची. दहा चेंडू तो चुलीवरच्या फळीवर ओळीनं मांडून ठेवायचा. दमट चेंडू जड होतो, लांब जात नाही. सोडा ब्रेड कापून फडक्याखाली झाकायचा. फळीवरून एकाऐवजी दोन कप काढायचा. मग सहाच्या सुमाराला ऊना कॉनरॉयची गाडी फाटकात शिरली, की जणू आत्ताच आठवण झाली अशा थाटात दारात येऊन म्हणायचा, "अरे, आज शुक्रवार का?"

ऊना एकतीस वर्षांची. दूधसंघाचा टँकर चालवायची. रोज सकाळी तिचा टँकर फिन्टनच्या घरावरून जायचा आणि वळणावर ती दोनदा हॉर्न वाजवायची. गावातल्या बायकांच्या संघात ती अकरा वर्षं गोलकीपर होती. मग एकोणीस वर्षांची एक पोर आली आणि ऊनाला राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवण्यात आलं. बाकावर बसणं तिला जमलं नाही. तिच्याकडे उरला फक्त डोंगर.

दर ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी नॉकबॉन डोंगरावर लांब फटक्यांची शर्यत लागते. खेळाडूनं हातातला चेंडू उडवून हर्लीनं, म्हणजे संघाच्या खेळातल्या रुंद पात्याच्या काठीनं, हाणायचा, पडेल तिथे चालत जायचं, पुन्हा हाणायचा. असा डोंगराला वळसा घालून जो सगळ्यांत कमी फटक्यांत परत येईल तो जिंकला. मागच्या वर्षी ऊना एका फटक्यानं हरली होती. एप्रिलमध्ये ती फिन्टनच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुम्ही हा डोंगर दोनदा जिंकलाय. मला शिकवा."

"चाळीस वर्षं झाली त्याला, पोरी."

"डोंगर तोच आहे की."

 फिन्टन मंगळवारी ये म्हणाला. पहिल्याच मंगळवारी त्यानं तिला एक हर्ली दिली. शेताच्या कोपऱ्यातलं ॲशचं शेवटचं झाड रोगानं वाळलं तेव्हा त्यानं ते पाडलं होतं आणि बुंध्याच्या लाकडातून एकच हर्ली निघाली होती. ती घडवणारा म्हातारा कारागीरही आता राहिला नव्हता. फिन्टननं ती दगडी फरशीवर उभी आपटून दाखवली. टण्ण असा लांबत जाणारा आवाज झाला.

"ऐकलंस? लाकूड जिवंत आहे."

एवढं सगळं त्यानं तिला सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. त्याला चेंडू दिसत नव्हता.

दीड वर्षापूर्वी नजरेच्या मधोमध एक करडा डाग आला होता आणि तो हळूहळू पसरत गेला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माणसाकडे बघितलं की दोन कान दिसायचे आणि मधे धूर. तालुक्याच्या डॉक्टरनं गाडी चालवायला बंदी केली तेव्हा त्यानं गावात सांगून टाकलं की गाडी बिघडली आहे. गाडी गोठ्यात नीट उभी होती. कोंबड्या तिच्यावर बसायच्या.

पण कान शाबूत होते. साठ वर्षं ॲशच्या लाकडाचा आवाज ऐकलेले कान. हर्लीच्या पात्याच्या बरोबर मध्यावर चेंडू बसला तर वाळकी फांदी मोडावी तसा कडकन आवाज होतो. टोकाला लागला तर आवाज बारीक आणि चिरका निघतो, आणि चेंडू उजवीकडे जातो. मुठीकडे लागला तर ढप्प, आणि चेंडू डावीकडे, तोही बुटका. त्यात तिचा पुढचा पाय जमिनीवर पडल्याचा आवाज आणि फटक्याचा आवाज यांत किती अंतर पडलं हे धरलं, की चेंडू कुठे गेला ते फिन्टन डोळे मिटूनही सांगू शकत होता. एका अर्थानं तो डोळे मिटूनच सांगत होता.

"पाय आधी, फटका मग. खालचा हात वर सरकून वरच्या हाताला भिडला पाहिजे. चेंडू खांद्याच्या वर उडवू नकोस, वर गेला की तो वाऱ्याच्या मालकीचा. आणि मान खाली ठेव."

"मान खाली ठेवली तर चेंडू कुठे गेला ते कसं कळणार?"

"चेंडू मी बघतो. तू जमीन बघ."

ती तसंच करायची. फटका मारून झाल्यावरही तिची नजर बुटापुढच्या गवतावर असायची. शेत पश्चिमेला उतरतं होतं आणि संध्याकाळचं ऊन नेमकं डोळ्यांत यायचं, त्यामुळे वर बघितलं असतं तरी तिला फारसं दिसलं नसतं.

"उजवीकडे. कुंपणाच्या अलीकडे दहा पावलं," फिन्टन म्हणायचा. चेंडू तिथे असायचा.

"तुमचे डोळे म्हणजे ससाण्याचे डोळे," ऊना म्हणायची. फिन्टन घसा खाकरायचा आणि पुढचा चेंडू तिच्या हातात द्यायचा.

मग आत येऊन चहा. ती कोणत्या गोठ्यात कोणता कुत्रा टँकरच्या चाकामागे धावतो ते सांगायची. बोलताना साखरेचा चौथा चमचा घालायची आणि हे आईला सांगू नका म्हणायची. आठ वाजता निघायची. तिचा कप तो लगेच धूत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी, हॉर्न वाजून गेल्यावर धुवायचा.

मे महिन्यात ती म्हणाली, "शर्यतीच्या दिवशी चेंडू बघायला माझ्याबरोबर तुम्हीच यायचं. प्रत्येकाला एक माणूस नेता येतो. मागच्या वर्षी मी क्लबच्या मॅटीला नेलं. तो चेंडू बघायचा सोडून लोकांशी गप्पा मारत होता."

"येईन," फिन्टन म्हणाला. डोंगरावरही लाकडाचा आवाज लाकडासारखाच येणार, असं त्यानं स्वतःला समजावलं.

जूनमध्ये मॅटी फेलन आला. मॅटी गावच्या क्लबचा अध्यक्ष. त्याची हाक आधी यायची, तो मागून. त्याच्या हातात नव्या पद्धतीची हर्ली होती, कारखान्यात साच्यातून काढलेली, काळी आणि गुळगुळीत.

"क्लबकडून भेट!" मॅटीनं ती ऊनाच्या हातात दिली. "आता झाडं सगळी मरायला लागली, बाई. उद्याचं युग हे. ही मोडत नाही, वाकत नाही, म्हातारी होत नाही. आमच्या फिन्टनसारखी नाही."

"तुझ्यासारखी आहे," फिन्टन म्हणाला. "आतून पोकळ."

ऊना हसली. मॅटी सगळ्यांत मोठ्यानं हसला. मग तिनं चेंडू उडवला आणि हाणला.

फिन्टनला थाप ऐकू आली. प्लास्टिकच्या बादलीवर कुणी चापट मारावी तशी. दुसरा फटकाही तसाच. तिसराही तसाच. मध्य नाही, टोक नाही, मूठ नाही. सगळ्या फटक्यांना एकच तोंड.

"अरे बाप रे, हा बघ, गेला बघ!" मॅटी ओरडत होता. ऊनानं पावलं मोजली. लाकडाच्या हर्लीनं तिचा सर्वांत लांबचा चेंडू एकाहत्तर पावलं गेला होता. हा अठ्ठ्याहत्तर गेला.

पुढच्या शुक्रवारी मॅटी नव्हता. ऊनानं काळ्या हर्लीनं फटका मारला, मान खाली ठेवून विचारलं, "कुठे?"

फिन्टनच्या हाताशी काहीच नव्हतं. "सरळ," तो म्हणाला. "पंचाहत्तर."

दोघं सरळ चालत गेली. चेंडू नव्हता. अर्धा तास गवत तुडवलं.

"डोंगरात राहणाऱ्या त्या पऱ्यांनी उचलला असेल," ऊना हसत म्हणाली. "त्यांचाही संघ असेल."

दुसरा चेंडूही तसाच हरवला. तिसऱ्या वेळी तिनं मान वर केली.

"सरळ," फिन्टन म्हणाला.

"मला तर उजवीकडे गेल्यासारखा वाटला."

"मान वर केलीस ना? मग जाणारच उजवीकडे."

 ती खाली बघून बुटानं गवत दाबत राहिली. ते गवत दाबल्याचं फिन्टनला ऐकू आलं. आज नाही तर पुढच्या मंगळवारी हिला कळेल. कळलं की ही दुसरा शिकवणारा बघेल, आणि तिचं बरोबरच असेल. मग मंगळवारही सोमवारासारखा होईल.

"ती काळी हर्ली ठेवून दे," तो म्हणाला. "तुझं मनगट बिघडतंय तिनं."

"पण चेंडू लांब जातोय की."

"आज जातोय. ऑगस्टपर्यंत हात उतरेल. मी अशी बरीच पोरं बघितली आहेत."

त्यानं असं एकही पोर बघितलं नव्हतं. तशी हर्लीच त्यानं पहिल्यांदा पाहिली होती.

ऊनानं वाद घातला नाही. "तुम्ही म्हणताय तर खरंच असेल," म्हणाली आणि काळी हर्ली गाडीत टाकून आली. त्या दिवशीही तिनं साखरेचा चौथा चमचा घातला. फिन्टननं आपला चहा तसाच ठेवला.

जुलै गेला. ॲशच्या लाकडाचा आवाज पुन्हा शेतावर घुमायला लागला आणि फिन्टनचे अंदाज पुन्हा बरोबर यायला लागले. पण त्याच्या डोक्यात एक आकडा बसला होता. अठ्ठ्याहत्तर. ऊना चेंडूपर्यंत चालत जायची तेव्हा तिची पावलं तो मनात मोजायचा. अडुसष्ट. सत्तर. एकोणसत्तर. डोंगराच्या वळशाला प्रत्येक फटक्यामागे सात पावलं म्हणजे किती फटके होतात, हा हिशेब त्याला झोपू देत नव्हता, कारण तो फारच सोपा होता.

शर्यतीच्या आधीचा शुक्रवार उजाडला. ऊना सुरेख खेळत होती. दहातले आठ चेंडू पात्याच्या मध्यावर बसले. शेवटच्याला तर असा आवाज आला की फिन्टनच्या अंगावर काटा आला. याहून चांगला फटका लाकडातून निघत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

ऊना चालत गेली. फिन्टननं मोजलं. एकाहत्तर.

ती चेंडू घेऊन परत आली.  मग म्हणाली, "वारा असेल समोरून."

वारा नव्हता. झाडाचं पानही हलत नव्हतं. ती त्याच्यासाठी वारा शोधत होती. फिन्टन इतका वेळ उभा होता, तो कुंपणाच्या दगडावर बसला.

"सोमवारी काळी हर्ली घेऊन जा," तो म्हणाला.

"काय?"

"तीच तुझ्यासाठी बरी आहे. जूनपासूनच बरी होती. तुझ्या मनगटाला काही झालेलं नव्हतं."

"मग तुम्ही..."

"मला चेंडू दिसत नाही, ऊना. दीड वर्ष झालं. मी लाकडाच्या आवाजावरून सांगतो. त्या काळ्या हर्लीला आवाजच नाही, म्हणून मी ती ठेवायला लावली."

शेतात कुठेतरी गाय गवत ओरबाडत होती. तेवढाच आवाज.

"आठ आठवडे," ऊना म्हणाली. तिचा आवाज मोठा झाला नाही, हेच वाईट होतं. "आठ आठवडे मी तिला हात लावला नाही. सोमवारी शर्यत आहे."

"हो. आणि बरोबर मॅटीला ने."

"मॅटीला ने म्हणे!"

तिनं चेंडू त्याच्या शेजारी दगडावर ठेवला. फेकला नाही, ठेवला. मग गाडीचं दार लागलं. घरात दोन कप मांडलेले होते. फिन्टननं एकात चहा ओतला आणि दुसरा तसाच फळीवर ठेवला.

सोमवारी डोंगरावर धुकं होतं. डोंगर घरापासून दीड मैलावर. तिथला फटका इथे ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी फिन्टन दिवसभर अंगणात खुर्ची टाकून, रेडिओ बंद करून, डोंगराकडे कान लावून बसला. त्याला कावळे ऐकू आले.

संध्याकाळी मॅटीची हाक आली, मागून मॅटी आला.

"दुसरी! पुन्हा एका फटक्यानं! पहिले तीन चेंडू कुठल्या कुठे गेले, हात बसला नव्हता तिचा त्या हर्लीवर. पण नंतर, फिन्टन, नंतर काय सांगू तुला! शेवटच्या टप्प्यात तिच्या जवळपासही कुणी नव्हतं. अजून एक आठवडा सराव मिळाला असता ना, तर..."

"मला माहीत आहे," फिन्टन म्हणाला.

"आणि तू का नाही आलास? लोक विचारत होते. मी म्हटलं, गाडी बंद आहे त्याची. मग म्हणाले, त्याला आणायला तुझी गाडी मेली होती का?"

"माझे डोळे गेलेत, मॅटी."

मॅटी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "म्हणजे ईस्टरला चर्चच्या दारात तू माझ्या बायकोला 'नमस्कार, फादर' म्हणालास..."

"ती होती?"

"मी तिला सांगितलं, प्यायलाय. तेव्हापासून ती तुझ्यासाठी प्रार्थना करतेय, दारू सुटावी म्हणून."

फिन्टनला हसू आलं. हसता हसता ते दुसऱ्याच कशात तरी बदलायला लागलं, म्हणून त्यानं तोंड फिरवलं. मॅटीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दर रविवारी चर्चला न्यायला येईन म्हणाला. तो येतही राहिला. पण रविवार म्हणजे मंगळवार नव्हे.

टँकर रोज सकाळी जायचा. वळणावर गिअर बदलायचा आणि निघून जायचा. हॉर्न वाजत नव्हता. फिन्टन दाराच्या आत उभा राहून ऐकायचा. बाहेर उभं राहिलं तर तिला वाटलं असतं, वाट बघतोय. मंगळवारी, शुक्रवारी तो दाढी करत राहिला. चेंडू फळीवर मांडत राहिला. ब्रेड मात्र कापत नसे, शिळा व्हायचा.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, एका गुरुवारी, फाटकात गाडी शिरली. फिन्टनची दाढी वाढलेली होती.

"हर्ली परत द्यायला आले," ऊना म्हणाली आणि तिनं ॲशची हर्ली दाराशी टेकवून ठेवली. "तुमच्या झाडाची आहे."

"चहा घेणार?"

"नको."

ती गेली नाही. दारातच उभी राहिली. फिन्टनला तिचे दोन कान दिसत होते आणि मधे धूर.

"मला एकच कळत नाही," ती म्हणाली. "तुम्ही मला विचारलं का नाहीत? 'ऊना, चेंडू कुठे गेला ते तू सांग, का गेला ते मी सांगतो', एवढंच म्हणायचं होतं. मी सांगितलं असतं. प्रत्येक चेंडूचं सांगितलं असतं."

 जून, जुलै, सगळ्या रात्री फिन्टननं विचार केला होता. खोटं कसं सांभाळायचं याचा केला होता, खरं कसं सांगायचं याचा केला होता. हे मात्र त्याच्या मनाला शिवलंच नव्हतं. चार वर्षं त्यानं कुणाला काही विचारलं नव्हतं. विचारायची सवयच मोडली होती.

"सुचलं नाही," तो म्हणाला.

"सुचलं नाही," ती म्हणाली. "मी अकरा वर्षांनी बाकावर बसले होते, फिन्टन. माझ्याकडेही हे दोनच दिवस होते."

ती वळली. अंगणातल्या खडीवर तिची पावलं वाजली. गाडीच्या दाराचा आवाज येईल म्हणून फिन्टन थांबला. तो आला नाही. पावलं परत आली. हर्ली उचलल्याचा आवाज, लाकूड भिंतीला घासल्याचा. मग ती घरात शिरली, त्याच्या बाजूनं पुढे जाऊन तिनं फळीवरचा एक चेंडू घेतला. गुरुवार असूनही चेंडू फळीवर होते. 

फिन्टन तिच्यामागून शेतापर्यंत गेला. कुंपणाशी थांबला. सूर्य खाली आला होता, त्याला एवढं कळत होतं.

पाय पडला. मग फटका. मुठीकडे लागलेला, ढप्प, दीड महिना हात न लावलेल्या लाकडाचा.

"कुठे?" ऊनानं विचारलं. तिची मान खाली होती का वर, ते त्याला दिसलं नाही.

"डावीकडे," फिन्टन म्हणाला. "बुटका. काटेरी झुडपाच्या अलीकडे, पन्नास."

 ती बरोबर म्हणाली नाही, चूक म्हणाली नाही. फिन्टन कुंपणाचा दगड धरून उभा राहिला आणि कान देऊन ऐकू लागला. गवतातून पावलं निघाली, आणि ती डावीकडे चालली होती.